फ्रेंच ‘फ्लेश’: बाण कुठे, बूम कुठे आणि झोळ कुठे

प्रश्न असा आहे: फ्रेंचमधून मराठीत तांत्रिक मजकूर आणताना ‘फ्लेश’ (flèche) हा शब्द सारखा आडवा येतो. कोशात पहिला अर्थ ‘बाण’ असतो. क्रेनचे मॅन्युअल, पुलाचा अहवाल, विमानाचे माहितीपत्रक, चर्चच्या दुरुस्तीवरचा लेख, यांपैकी कुठेही बाण बसत नाही. मग नेमका अर्थ ओळखायचा कसा आणि मराठीत लिहायचे काय?

या शब्दाचे अर्थ पंधरा-वीस निघतील, पण त्यांची कुळे दोनच आहेत. पहिल्या कुळात फ्लेश ही वस्तू असते: लांब, निमुळती, कुठेतरी रोखलेली. दुसऱ्या कुळात ते अंतर असते: एखादी वाकलेली रेषा तिची दोन टोके जोडणाऱ्या सरळ रेषेपासून जास्तीत जास्त किती दूर गेली आहे, ते. आधी कूळ ठरवावे, शब्द मग शोधावा. वाक्यात फ्लेश उचलतात, फिरवतात, बोल्टने जोडतात, तिला वजन आणि लांबी आहे, तर ती वस्तू. शेजारी मिलिमीटर, गाळ्याचा (दोन आधारांमधल्या अंतराचा) तीनशेवा भाग, ‘कमाल’, ‘अनुज्ञेय’ असे काही असेल तर ते अंतर. एकक अंश असेल तर बहुधा विमानाचा पंख, त्याविषयी पुढे.

चुका दुसऱ्या कुळात जास्त होतात, म्हणून सुरुवात तिथून.

वर्तुळाचा एक तुकडा घेतला की धनुष्य दिसते. वाकलेला भाग म्हणजे फ्रेंचमध्ये ‘आर्क’, म्हणजेच धनुष्य. दोन टोकांमधली सरळ रेषा म्हणजे ‘कोर्द’, म्हणजे दोरी. आणि दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे ‘फ्लेश’, दोरीवर चढवलेला बाण. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. आर्यभटापासून आपल्या गणितात चाप, ज्या आणि शर हीच तीन नावे आहेत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत उदाहरणच आहे: व्यास 10, जीवा 6, तर शर किती? बेरीज 16 आणि वजाबाकी 4 यांचा गुणाकार 64, त्याचे वर्गमूळ 8, ते व्यासातून वजा करून निम्मे केले की 1. शालेय मराठीत जीवा राहिली, चापाच्या जागी कंस आला आणि शर मात्र गळला. शुद्ध भूमितीच्या मजकुरात ‘शर’ हाच शब्द वापरावा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्धे वाक्य समजावून सांगावे. लॅटिनमध्येही या अंतराला बाणच म्हणतात, ‘सॅजिटा’. चष्म्याची भिंगे आणि दुर्बिणीचे आरसे बनवणारे इंग्रजीत तोच शब्द वापरतात.

कंस फार खोल नसेल तेव्हा हिशेब सोपा आहे: जीवेचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, की शर मिळतो. हे एक सूत्र ध्यानात ठेवले की मजकुरातला आकडा चटकन तपासता येतो. समजा दुर्बिणीच्या आरशाचा व्यास 200 मिलिमीटर आणि नाभीय अंतर 1200 मिलिमीटर आहे. वक्रतेची त्रिज्या त्याच्या दुप्पट, म्हणजे 2400. दोनशेचा वर्ग 40,000 भागिले 19,200, म्हणजे साधारण 2.08 मिलिमीटर. आरसा घासताना मध्यभागी एवढा खड्डा पडायला हवा. पुण्यात आयुका या खगोलसंस्थेच्या कार्यशाळेत ज्यांनी आरसा घासला असेल, त्यांच्या हे अंतर ओळखीचे आहे. अकरावीच्या प्रयोगशाळेतल्या स्फेरोमीटरच्या सूत्रात जो एच असतो, तोही हाच. फ्रेंच पाठ्यपुस्तक त्याला फ्लेश म्हणते.

रेल्वेत हेच अंतर वळणावर मोजतात. रुळाच्या आतल्या कडेला 20 मीटरची दोरी ताणून धरायची आणि मध्यावर रूळ दोरीपासून किती लांब आहे ते पट्टीने पाहायचे. त्रिज्या 500 मीटर असेल तर उत्तर 100 मिलिमीटर. आपल्याकडे रुळावर काम करणारे त्याला ‘व्हर्साइन’ म्हणतात आणि मराठी मजकुरातही तेच लिहावे; ‘शर’ लिहिले तर रेल्वेच्या माणसाला कळणार नाही. इथे अडचण वेगळीच येते. त्याच वळणावर 10 मीटरची दोरी धरली तर व्हर्साइन निम्मा होत नाही, पाव होतो: 25 मिलिमीटर. म्हणून फ्रेंच अहवालात फ्लेशच्या पुढे ‘अमुक मीटरच्या कोर्दवर’ असे आले असेल तर तो तुकडा कधीही गाळू नये. तो नसेल तर ग्राहकाला विचारावे. दोरीची लांबी न देता लिहिलेला व्हर्साइन निरुपयोगी असतो.

आता बांधकाम. तुळई किंवा स्लॅब भाराखाली मधोमध खाली येते, ते अंतर म्हणजे फ्लेश. इंजिनिअर त्याला ‘डिफ्लेक्शन’ म्हणतात, कोशात ‘विक्षेप’ सापडतो, साइटवर ‘बीम खाली आला’, ‘स्लॅबला झोळ आला’ असे म्हणतात. अहवालात ‘डिफ्लेक्शन’ आणि सामान्य वाचकासाठी ‘झोळ’ ही विभागणी चालते. ‘वाक’ मात्र नको, कारण ‘फ्लेक्सियों’, म्हणजे वाकणे, हा त्याच पानावर वेगळा शब्द म्हणून येतो. वाकणे ही क्रिया. फ्लेश हा तिचा मिलिमीटरमध्ये मोजलेला परिणाम. ‘फ्लेशीर’ या क्रियापदाचा अर्थ वाकणे, नमणे असा होतो, त्यामुळे दोन्ही शब्द एकाच मुळाचे वाटतात. तसे ते नाहीत. फ्लेशीर लॅटिनमधून आले, तर फ्लेश जुन्या जर्मानिक बोलीतल्या ‘उडणे’ या अर्थाच्या मुळातून. जोडी योगायोगाने जुळली आहे आणि तिने बऱ्याच जणांना चकवले आहे.

फ्रेंच काँक्रीटच्या अहवालात फ्लेशला विशेषणे लागतात आणि खरा अर्थ त्यांच्यातच असतो. ‘आँस्तांताने’ म्हणजे भार पडताक्षणी येणारा झोळ. ‘दिफेरे’ म्हणजे कायमच्या भाराखाली काँक्रीटचा आकार सावकाश बदलत जातो त्यामुळे महिनोन्‌महिने वाढत राहणारा झोळ. ‘तोताल’ म्हणजे एकूण. आणि ‘न्युइझीब्ल’. शब्दशः ‘हानिकारक’, पण तसे लिहिले तर वाचकाला वाटेल की बाकीचा झोळ निर्धोक आहे. अर्थ असा की पार्टिशनच्या भिंती, टाइल्स, काच असे तडकणारे काम बसवून झाल्यावर जेवढा झोळ नव्याने येतो, तेवढाच भाग. भिंती बांधण्याआधी स्लॅब जेवढा खाली आला, त्याने भिंतीला तडा जात नाही. नंतर येतो त्याने जातो. म्हणून मराठीत ‘भिंती व फिनिशिंग झाल्यानंतरचे डिफ्लेक्शन’ असे पसरट पण नेमके लिहावे.

मर्यादेचे आकडे तर मुळीच बदलू नयेत. जुन्या फ्रेंच काँक्रीट नियमावलीत दोन्ही बाजूंना टेकलेल्या तुळईसाठी 5 मीटरपर्यंत गाळ्याचा पाचशेवा भाग, आणि त्यापुढे अर्धा सेंटिमीटर अधिक गाळ्याचा हजारावा भाग अशी मर्यादा आहे. आपल्या आयएस 456 या काँक्रीट नियमावलीत याच स्वरूपाच्या झोळासाठी गाळ्याचा 350वा भाग किंवा 20 मिलिमीटर, यांतले जे कमी असेल ते. सहा मीटरच्या तुळईला फ्रेंच हिशेबाने 11 मिलिमीटर आणि आपल्या हिशेबाने सुमारे 17 मिलिमीटर. वाचकाची सोय म्हणून भाषांतरकाराने परस्पर भारतीय आकडा घातला तर डिझाइनच बदलते. टीप द्यावी, आकडा मूळचाच ठेवावा.

फ्रेंच नकाशावर फ्लेशचे चिन्ह बहुतेकदा लहान रोमन ‘एफ’ असते. तेच अक्षर काँक्रीटच्या ताकदीसाठीही येते: ‘एफ सी 28’ म्हणजे 28 दिवसांची दाबसहन क्षमता. एकक पाहावे. मेगापास्कल असेल तर ताकद, मिलिमीटर असेल तर झोळ.

कमानीच्या बाबतीत दिशा उलटते. कमानीची फ्लेश म्हणजे पाया जोडणाऱ्या रेषेपासून माथ्यापर्यंतची उंची. तुळईची फ्लेश खाली असते आणि शक्यतो नको असते. कमानीची वर असते आणि हवीच असते. दोन्ही ठिकाणी ‘डिफ्लेक्शन’ ठोकून दिले की पुलाच्या अहवालात अनर्थ होतो: सहा मीटर उंचीची कमान सहा मीटर खचलेली ठरते. पॅरिसमधल्या सेन नदीवरच्या तिसऱ्या अलेक्झांडरच्या नावाच्या पुलाचा गाळा सुमारे 107 मीटर आणि कमानीची उंची जेमतेम 6 मीटर आहे. 1900 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधताना आसपासचे दृश्य अडू नये म्हणून तो मुद्दाम चपटा ठेवला. अशा वर्णनात फ्लेश आणि गाळा यांचे गुणोत्तर हमखास येते. मराठीत ‘कमानीची उंची’ पुरे, आणि कंसात ‘राइज’ दिला तर इंजिनिअरही खूश.

तारांच्या बाबतीत ‘झोळ’ अगदी चपखल बसतो. दोन मनोऱ्यांमधल्या वीजवाहिनीचा झोळ म्हणजे मीटरमागे वजन गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले ताणाची आठपट. मीटरला 1 किलो वजन, 300 मीटरचा गाळा, 1500 किलोचा ताण, तर साडेसात मीटर. ताण निम्मा केला तर झोळ दुप्पट. गाळा दुप्पट केला आणि ताण तोच ठेवला तर चौपट. उन्हाने तार लांबते आणि झोळ वाढतो, म्हणून फ्रेंच तक्त्यांत प्रत्येक आकड्याला तापमान जोडलेले असते. ते स्तंभशीर्षक सुटले तर तक्ता फेकून द्यावा लागतो. दुसरी अडचण डोंगराळ भागात येते. दोन्ही आधार एका पातळीत नसतील तर फ्लेश तिरक्या जोडरेषेपासून उभी खाली, गाळ्याच्या मध्यावर मोजतात. तारेचा सर्वांत खालचा बिंदू मात्र मध्यावर नसतो, तो खालच्या मनोऱ्याकडे सरकतो. जमिनीपासूनच्या मोकळ्या उंचीला फ्रेंचमध्ये ‘गार्द ओ सोल’ म्हणतात. हा स्वतंत्र आकडा आहे, फ्लेशमध्ये त्याची सरमिसळ होऊ देऊ नये.

दोन्ही कुळे एकाच यंत्रात भेटतात ते क्रेनमध्ये, आणि खरी परीक्षा तिथेच. टॉवर क्रेनचा उभा खांब म्हणजे ‘मा’, पुढे आडवी पसरलेली लांब जाळीदार भुजा म्हणजे फ्लेश, मागची आखूड भुजा म्हणजे ‘कोंत्र-फ्लेश’, तिच्यावर वजनाचे काँक्रीटचे ठोकळे. भुजेवर पुढेमागे धावणारी ट्रॉली म्हणजे ‘शारियो’, आकडा म्हणजे ‘क्रोशे’. आपल्याकडे साइटवर ‘जिब’ आणि ‘काउंटर जिब’ हेच चालते. मराठीकरणाच्या हट्टाने ‘भुजा’ लिहिले तर ऑपरेटर क्षणभर थांबतो, आणि सुरक्षेच्या सूचनेत तो क्षण परवडत नाही. भुजा वर-खाली होणारी असेल तर ‘लफिंग जिब’. मोबाइल क्रेनच्या नळीत नळी सरकणाऱ्या फ्लेशला ‘बूम’ म्हणावे, तिच्या टोकाला जोडायच्या छोट्या तुकड्याला फ्रेंचमध्ये ‘फ्लेशेत’ आणि आपल्याकडे ‘फ्लाय जिब’. पहिल्या महायुद्धात विमानातून खाली सोडलेल्या पोलादी सळ्यांनाही फ्लेशेत म्हणत, आणि बारमध्ये भिंतीवर फेकून खेळतात त्या डार्टलाही. संदर्भ सोडून भाषांतर करणाऱ्यासाठी हा जणू सापळाच आहे.

आता एक वाक्य जवळून पाहू: ‘ला फ्लेश मझ्युरे आँ बू द फ्लेश’. दोन फ्लेश, दोन कुळे. ‘मझ्युरे’ म्हणजे मोजलेली, म्हणून पहिली फ्लेश अंतर. ‘आँ बू’ म्हणजे टोकाशी, म्हणून दुसरी वस्तू. मराठीत: ‘जिबच्या टोकाशी मोजलेला झोळ’. याच मॅन्युअलमध्ये ‘पोर्ते’ म्हणजे हुक उभ्या खांबापासून किती दूर आहे ते अंतर, साइटच्या भाषेत ‘रेडियस’. बांधकामाच्या अहवालात मात्र पोर्ते म्हणजे गाळा. ‘कोंत्र-फ्लेश’चे तसेच आहे. क्रेनमध्ये काउंटर जिब, तर काँक्रीट आणि लाकूडकामात उलटा बाक: तुळई पुढे खाली येणार हे गृहीत धरून शटरिंग मध्यावर आधीच थोडे उचलून ठेवतात, ज्याला साइटवर ‘कॅम्बर देणे’ म्हणतात. ‘कोंत्र-फ्लेश 15 मिलिमीटर’ दिसले की ते शटरिंग. ‘कोंत्र-फ्लेशवर 8 टन’ दिसले की ती क्रेन.

क्रेनच्या मजकुरात एका सूचनेशी खेळ नको: ‘मीझ आँ झिरुएत’. झिरुएत म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारे छपरावरचे पाते. काम संपल्यावर फिरवण्याचा ब्रेक सोडून जिबला वाऱ्याबरोबर मोकळी फिरू द्या, असा त्याचा अर्थ. कामाच्या वेळी टॉवर क्रेनसाठी वाऱ्याची नेहमीची मर्यादा ताशी 72 किलोमीटर आहे. त्यावर काम थांबवून जिब मोकळी सोडतात. ब्रेक लावून ठेवला तर वारा जिबच्या अंगावर आडवा येतो, आणि वादळात क्रेन उलटण्याचे ते एक ठरलेले कारण आहे. भाषांतरात ‘फ्लेश स्थिर करा’ असे काही घुसले तर सूचना नेमकी उलटी होते. ‘ब्रेक सोडा, जिब वाऱ्याबरोबर फिरू द्या’ असे सरळ आज्ञार्थी लिहावे.

खोदकामाच्या यंत्रात परिस्थिती सोपी आहे, आणि इथे मराठीने फ्रेंचकडून भलतेच घेतले आहे. आपण सगळ्याच एक्स्कॅव्हेटरला ‘पोकलेन’ म्हणतो. ते पोक्लें या फ्रेंच कंपनीचे नाव. त्या यंत्राच्या फ्रेंच माहितीपत्रकात केबिनपासून निघणारा जाड, कोपऱ्यात वाकलेला भाग म्हणजे फ्लेश, त्यापुढचा सरळ हात म्हणजे ‘बालांसिए’, शेवटी ‘गोदे’. मराठीत बूम, आर्म, बकेट. फ्लेशला ‘हात’ म्हटले तर बालांसिएला काय म्हणणार, हा प्रश्न चौथ्या पानावर उभा राहतो. म्हणून पहिल्या पानापासून तिन्ही शब्द ठरवून ठेवावेत. ट्रेलर ओढायचा पुढचा दांडाही फ्लेशच, आणि तोफगाड्याच्या मागे जमिनीला टेकणारा दांडाही. तोफेला असे दोन दांडे पसरवून रोवता येत असतील तर ‘बी-फ्लेश’ म्हणतात.

विमानाच्या मजकुरात तीन निरनिराळ्या फ्लेश एकाच पानावर येऊ शकतात. एकक पाहिले की तिढा सुटतो. अंशात असेल तर पंख मागे कललेला कोन. पंख बाणाच्या टोकासारखे मागे झुकले म्हणून त्यांना ‘आँ फ्लेश’ म्हणतात, म्हणजे अर्थ वस्तूच्या कुळातलाच, फक्त कोनात मोजलेला. हा कोन पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजला की कोर्दच्या पाव भागाच्या रेषेपासून, ते मूळ मजकुरात दिलेले असते. टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या पंखात पुढच्या कडेचा कोन मोठा येतो, त्यामुळे तो तपशील टिकवावा. ‘फ्लेश इन्व्हेर्स’ म्हणजे पुढे झुकलेले पंख. ‘फ्लेश व्हारियाब्ल’ म्हणजे उडताना कोन बदलणारे. दासोच्या 1967 च्या मिराज जी या प्रायोगिक विमानाचे तसे होते. दुसरी फ्लेश टक्क्यांत असते: पंखाच्या छेदाची मधली रेषा कोर्दपासून किती फुगली आहे, म्हणजे कॅम्बर. तिसरी मिलिमीटरमध्ये किंवा मीटरमध्ये: भाराखाली पंखाचे टोक किती वर गेले. ‘कोर्द’ इथे पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रेषा आहे, हेही ओघाने आले. आणखी एक वळसा: विमानाच्या शेपटीला फ्रेंचमध्ये ‘आंपनाज’ म्हणतात, आणि मूळ अर्थ खऱ्या बाणाच्या मागची पिसे. तिरंदाजीच्या पुस्तकात पिसे, हँगरमध्ये शेपूट.

इमारतींकडे वळू. चर्चमध्ये फ्लेश म्हणजे छपरावर किंवा मनोऱ्यावर चढवलेला उंच, निमुळता, टोकदार भाग. ‘तूर’ म्हणजे मनोरा, ‘क्लोशे’ म्हणजे घंटाघर, तिन्ही वेगळे. पॅरिसच्या नोत्र दाममध्ये हा भेद नीट दिसतो. समोरचे दोन चौकोनी मनोरे 69 मीटरचे आहेत. फ्लेश मागे, लांब आणि आडवे छप्पर एकमेकांना छेदतात तिथे. तेराव्या शतकातली मूळ फ्लेश मोडकळीला आल्यामुळे अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवली गेली. वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांनी ओकचा सांगाडा आणि शिशाचे पत्रे घालून नवी उभी केली, ती 1859 मध्ये पूर्ण झाली. जमिनीपासून 96 मीटर. 15 एप्रिल 2019 च्या आगीत तीच कोसळली. पायथ्याशी असलेले सोळा तांब्याचे पुतळे दुरुस्तीसाठी चारच दिवस आधी खाली उतरवले होते म्हणून वाचले. पुन्हा तशीच ओकची आणि शिशाची फ्लेश बांधून कॅथेड्रल डिसेंबर 2024 मध्ये उघडले. ‘नोत्र दामचा मनोरा कोसळला’ असे लिहिले तर वाचकाला समोरचे दोन मनोरे आठवतात, आणि ते तर उभेच राहिले.

मराठीत ‘शिखर’ लिहावे का? माझे मत नाही. मंदिराचे शिखर हे गर्भगृहावरचे अख्खे बांधकाम असते, कळस त्याच्या वर. फ्लेश यांपैकी कशाशीच जुळत नाही. ‘टोकदार मनोरा’ हे चालते पण मनोऱ्याशी घोटाळा कायम राहतो. ‘छपरावरचा सुळका’ मला सर्वांत कमी चुकीचे वाटते; सह्याद्रीत फिरणाऱ्याला आकार लगेच डोळ्यांसमोर येतो. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चकडे बोट दाखवता येते: मनोरा खाली, सुळका वर, आणि सुळका 1865 मध्ये पुरा झालेला. रूआँच्या कॅथेड्रलची फ्लेश ओतीव लोखंडाची आणि 151 मीटरची, फ्रान्समध्ये सर्वांत उंच.

खेळांत शब्द तसाच ठेवावा, भाषांतर करू नये. तलवारबाजीत फ्लेश हा हल्ल्याचा प्रकार आहे: हात आधी पूर्ण लांबवायचा, वजन पुढच्या पायावर टाकायचे आणि मागचा पाय पुढच्याला ओलांडून पुढे येईल असे झेपावायचे. हात उशिरा लांबला तर हल्ला होण्याआधी शरीर पोहोचते आणि समोरचा आरामात टोचतो. नवशिक्यांची नेहमीची चूक ही. फॉइल आणि एपे या तलवारींच्या प्रकारांत फ्लेश चालते. सेबर या तिसऱ्या प्रकारात 1990 च्या दशकापासून मागचा पाय पुढच्याला ओलांडून पुढे जायला बंदी आहे, त्यामुळे सेबर खेळणाऱ्या भवानीदेवीच्या लढतीचे वर्णन करताना ‘तिने फ्लेश मारली’ असे लिहिले तर ते चूक. या खेळाची अधिकृत भाषा फ्रेंच आहे, ‘आँ गार्द’, ‘प्रे’, ‘आले’ हे पुकारे आपल्या पंचांच्याही तोंडी आहेत.

सायकलवाल्यांचे फ्लेश वेगळे. ‘फ्लेश वालोन’ ही बेल्जियममधली 1936 पासूनची व्यावसायिक शर्यत, ह्युई गावाच्या भिंतीसारख्या चढावर संपणारी. दुसरे फ्लेश ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल-फेरी) करणाऱ्यांचे, म्हणजे पुण्या-मुंबईतही ओळखीचे. तीन ते पाच सायकलींचा संघ, 24 तास, किमान 360 किलोमीटर, कुठेही एका जागी दोन तासांपेक्षा जास्त थांबायचे नाही, आणि शेवटच्या दोन तासांत किमान 25 किलोमीटर. मार्ग संघाने स्वतः आखायचा. बहुतेक संघ गडबडतात ते शेवटच्या नियमात: पहाटेच आकडा जवळपास पुरा होतो, मग हॉटेलात बसकण मारली की ते 25 किलोमीटर अंगावर येतात. ही शर्यत नाही, तेव्हा ‘फ्लेश जिंकली’ असे लिहू नये. ‘पूर्ण केली’ म्हणावे.

उरलेले झटपट. ‘फ्लेश लितोराल’ म्हणजे किनाऱ्याला एका टोकाने चिकटलेला, दुसरे टोक पाण्यात मोकळे असलेला वाळूचा दांडा. कर्ली नदीच्या मुखाजवळचे देवबाग तसेच. जुन्या युद्धशास्त्रात दोन बाजूंनी टोकदार आणि मागून उघडा असा मातीचा बांध. 1812 च्या बोरोदिनोच्या लढाईतल्या बाग्रातिओनच्या फ्लेश प्रसिद्ध आहेत, तिथे ‘बाण’ लिहिले तर तोफखान्याच्या काळात तिरंदाज उभे राहतात. शिडाच्या जहाजावर मुख्य शिडाच्या वर चढवायचे छोटे तिकोनी शीडही फ्लेश, पण तिथे शब्द पुल्लिंगी होतो, ‘ल फ्लेश’. एरवी तो स्त्रीलिंगी. म्हणजे ‘ल’ दिसला की समुद्र. संगणकाच्या कीबोर्डवर मात्र साधा बाणच, आणि ‘फ्लेशाज’ म्हणजे रस्त्यावर दिशा दाखवणाऱ्या पाट्या.

एक व्यावहारिक बाब: फ्रेंच नकाशांवर शब्द मोठ्या अक्षरांत असतो आणि त्यावरची स्वरखूण बहुधा गाळलेली असते. फाइलमध्ये शोधताना खुणेसह आणि खुणेशिवाय असे दोनदा शोधावे, नाहीतर निम्म्या जागा सुटतात. सगळीकडे एकच पर्याय ‘रिप्लेस ऑल’ने घालण्याचा मोह तर अजिबात नको. शंका राहिलीच तर ग्राहकाला ‘फ्लेश म्हणजे काय?’ असे विचारू नये, उत्तर ‘फ्लेश म्हणजे फ्लेश’ असेच येते. ‘हे अंतर कोणत्या रेषेपासून कोणत्या बिंदूपर्यंत मोजले आहे?’ असे विचारावे आणि नकाशाचा तो भाग मागवावा.

वाक्प्रचारांना यंत्राचा नियम लागू नाही. ‘मोंते आँ फ्लेश’ म्हणजे भाव कडाडणे. ‘फेर फ्लेश द तू बुआ’, मिळेल त्या लाकडाचा बाण करणे, म्हणजे हाताला लागेल ते साधन वापरणे. ‘स ने पा झ्युन फ्लेश’ म्हणजे डोक्याने बेताचाच. ‘फ्लेश द्यु पार्त’ म्हणजे जाता जाता मारलेला टोमणा, कारण प्राचीन इराणातले पार्थियन घोडेस्वार माघार घेता घेता मागे वळून बाण सोडत. आणि कॅपिटल अक्षराने सुरू होणाऱ्या ‘ला’सह ‘ला फ्लेश’ आले तर ते सार्त जिल्ह्यातले गाव: चौथ्या हेन्रीने जेझुइटांना दिलेल्या तिथल्या शाळेत तत्त्वज्ञ देकार्त शिकला आणि तत्त्वज्ञ ह्यूमने 1735 ते 1737 च्या सुमारास तिथे राहून आपला मोठा ग्रंथ लिहिला. त्या नावाचे भाषांतर करायचे नाही.